गावात पाणी आलं, आता उपसा कोण आवरणार? पाण्याच्या ताळेबंदाचे अनुभव हवेत

माणदेशी_मुरूम

नमस्कार मंडळी. माझं गाव माण तालुक्यात, साताऱ्याच्या पूर्वेकडच्या पर्जन्यछायेत. काही वर्षांपूर्वी अख्खं गाव श्रमदानाला उतरलं होतं. डोंगरउतारावर सलग समतल चर, त्याखाली दगडी बांध, ओढ्यावर माती नालाबांध, सगळं माथा ते पायथा केलं. म्हाताऱ्या माणसांनीसुद्धा घमेली उचलली. पुढच्या चांगल्या पावसाळ्यानंतर विहिरींना चैत्रापर्यंत पाणी टिकलं, टँकर बंद झाला, पुण्या-मुंबईला गेलेली काही पोरं शेतीवर परत आली.

नंतरची गोष्ट मात्र कुणी फारशी लिहीत नाही. पाणी दिसल्याबरोबर बोअरच्या गाड्या यायला लागल्या. रात्री शिवारात लाईट दिसला की समजायचं, कुणाचं तरी बोअर चाललंय. आधी दोनशे फूट, मग चारशे, आता सहाशे. ओढ्याकाठी ऊस उभा राहिला, माळावर डाळिंब आलं, प्लास्टिक अंथरलेली शेततळी झाली आणि ती विहिरीच्या पाण्यानं भरली जाऊ लागली. २०२३ला पावसानं ओढ दिली तेव्हा सगळ्यात आधी आटली ती ओढ्याकडेची सार्वजनिक विहीर. त्याच वेळी शेजारच्या रानात बोअर चालू होतं. टँकर पुन्हा आला.

पाणी अडवायला गाव एक होतं, वापरायची वेळ आली की प्रत्येकाचा बांध वेगळा होतो. ताळेबंद मांडून रब्बीची पिकं ठरवणारी गावं आहेत हे वाचून माहीत आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं नाव सगळेच घेतात. पण जिथं पोपटराव पवारांसारखा माणूस नाही तिथं असा ठराव टिकवायचा कसा? समजुतीनं, दंडानं की कायद्यानं? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. आमची ग्रामसभा पावसाळा संपला की आहे.

ज्वारीची_भाकर

जिव्हाळ्याचा विषय. आमच्या खटावातही थोड्याफार फरकानं हीच कथा. वाचतोय.

शिवारफेरी

हिवरे बाजारला मी गेलो आहे, म्हणून थोडं लिहितो. तिथला क्रम लोक विसरतात. पोपटराव सरपंच झाले १९८९ साली. आधी कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान अशी कामं झाली, डोंगर हिरवा झाला. सिंचनासाठी बोअर घ्यायचं नाही आणि ऊस-केळी लावायची नाही हे नियम पाणी मुबलक दिसायच्या आत लागू झाले. तुमच्या गावात आधी पाणी आलं आणि नियमाचा विचार आता सुरू होतोय. त्यामुळे तुमचं काम त्यांच्यापेक्षा अवघड आहे, हे मान्य करूनच पुढं बोलायला हवं.

वार्षिक ताळेबंद बराच नंतर, भूजल विभागाच्या मदतीनं सुरू झाला. गावात पर्जन्यमापक आहेत, ठरलेल्या विहिरींची पातळी मोजतात, आणि पावसाळा संपला की ग्रामसभेत आकडे वाचून दाखवतात. पहिला वाटा माणसांच्या पिण्याचा, मग जनावरांचा, मग पुढच्या वर्षासाठी राखून ठेवायचा. त्यातून उरलं तर रब्बी, आणि त्यातून उरलं तर उन्हाळी. पाऊस कमी असेल तर कांद्याचं क्षेत्र कमी करून ज्वारी-हरभऱ्यावर भागवायचं. हे सगळं पेरणीच्या आधी ठरतं. एकदा पीक रानात उभं राहिलं की कुठल्याही ग्रामसभेला ते वाळवायला सांगता येत नाही, आणि सांगूही नये.

डाळिंबवाला

माफ करा, पण धाग्यात बोअर मारणारा माणूस हावरट ठरत चाललाय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. माझं साडेतीन एकर रान माळावर आहे. विहीर भावकीत सामाईक, माझी पाळी बारा दिवसांनी, आणि त्या दिवशी लाईट असेलच असं नाही. वडिलांनी याच रानात बाजरी आणि मटकीवर आयुष्य काढलं. मी कर्ज काढून बोअर घेतलं, डाळिंब लावलं, त्यावर मुलीचं शिक्षण चाललंय.

उद्या तुम्ही बोअरबंदी केली तर फायदा कुणाचा? ओढ्याकाठी ज्यांच्या आजोबांनी विहिरी पाडल्या त्यांचा. त्यांचं पाणी पक्कं झालं, माझं बंद. ज्याच्याकडं विहीरच नाही, ज्याच्याकडं रानच नाही, त्यानं श्रमदानाला घमेली उचलली ती कशासाठी? आधी पाण्याची वाटणी करा. मग बंदीचं बोला, मी पहिली सही करतो.

पाटकरी

डाळिंबवाला, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि पन्नास वर्षांपूर्वी तो आपल्याच महाराष्ट्रात विचारला गेलाय. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला देवस्थानची पडीक जमीन घेऊन पाणलोटाचं काम केलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. नियम थोडेच होते, पण नेमके होते. पाणी जमिनीच्या हिशेबानं नाही तर माणसांच्या हिशेबानं द्यायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. कुणाचं रान वीस एकर असलं तरी पाणी तेवढंच. भूमिहीनालाही वाटा. उसासारखं बारमाही पीक नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः घालायचा. आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर विकला जायचा नाही.

शेवटची अट मला फार मोलाची वाटते. आज कालव्याचं पाणी येणार म्हणून बातमी आली की आधी जमिनीचे दलाल येतात. पाणी माणसाला बांधलं की जमिनीला तो भाव राहत नाही.

या सगळ्या उपसा योजना होत्या, म्हणजे पाणी एका ठिकाणाहून उचलून वाटायचं. तिथं चावी पंचायतीच्या हातात राहते. विखुरलेल्या बोअरना हे जसंच्या तसं लागू करता येणार नाही. पण तत्त्व लागू करता येतं.

(माझं टोपणनाव फड पद्धतीतून घेतलंय. धुळे जिल्ह्यात पांझरेवर बंधारा, त्याचा पाट आणि पाटाखालच्या रानाचे फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, मेहनताना गावानं द्यायचा. शेतकऱ्यानं स्वतः दारं धरायला जायचंच नाही, त्यामुळे रात्री बांधावर भांडणही नाही. आमच्या घरात हे काम होतं.)

वऱ्हाडी_मिरची

पाटकरी, फड पद्धतीवर स्वतंत्र धागा काढाच. घरातल्या माणसानं लिहिलेलं वाचायला मिळणं दुर्मीळ.

भूजल_अभ्यासक

थोडं गणित मांडतो, ग्रामसभेत फळ्यावर मांडता येईल असं.

एक हेक्टर रानावर १०० मिमी पाऊस म्हणजे १००० घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर. यालाच एक टीसीएम म्हणतात. गावाचं क्षेत्र १००० हेक्टर आणि पाऊस ५०० मिमी धरला तर ५००० टीसीएम पाणी आभाळातून पडलं. आकडा ऐकून गाव खूश होतं. पण त्यातलं बरंचसं ऊन आणि पिकं घेऊन जातात, काही ओढ्यानं वाहून जातं. आपल्या काळ्या पाषाणात मुरणारा वाटा ढोबळमानानं दहावा हिस्सा धरा. म्हणजे ५०० टीसीएम.

आता खर्च. दोन हजार लोकवस्तीला माणशी रोज ५५ लिटर धरलं तर वर्षाचे ४० टीसीएम. मोकाट पाण्यावरचा ऊस आपल्या भागात हेक्टरी २० ते २५ टीसीएम सहज पितो. म्हणजे अख्ख्या गावाचं वर्षाचं पिण्याचं पाणी आणि साधारण पाच एकर ऊस, दोन्ही सारखं. एवढं एकच वाक्य ग्रामसभेत सांगा. रब्बी ज्वारीला हेच पाणी तीन-चार टीसीएमच्या घरात लागतं, आणि त्यातलंही पुष्कळसं ती जमिनीतल्या ओलीवर भागवते.

दुसरी गोष्ट खडकाची. बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणात, पाणी वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगा-फटींत असतं, बहुतेक ठिकाणी पहिल्या शंभर-दीडशे फुटांत. तुमचे चर, नालाबांध हाच थर भरतात. सहाशे फुटांवर लागलेलं पाणी फार हळू भरणारं असतं, किंवा ते वरच्याच थरातून भेगेवाटे खाली ओढलेलं असतं. म्हणूनच शेजारचं बोअर चालू असताना तुमची सार्वजनिक विहीर आटली. नवीन पाणी सापडलं असं वाटतं, पण ते बहुधा शेजाऱ्याचंच असतं.

ज्वारीची_भाकर

पाणाड्याबद्दल कुणीच बोललं नाही! आमच्याकडं तळहातावर नारळ आडवा ठेवून रानभर फिरतात, नारळ उभा राहिला की तिथं पाणी. आजवर एकाही पाणाड्याचा नारळ शेजाऱ्याच्या बांधापलीकडं उभा राहिलेला मी पाहिला नाही. :)

वऱ्हाडी_मिरची

ज्वारीची_भाकर, बोअरला पाणी लागलं तर पाणाड्याचं नाव होते, नाही लागलं तर नारळ कोवळा होता म्हणतात. :D

रानजाई

मी आरोग्य खात्यात काम करते, यवतमाळ जिल्ह्यात. या चर्चेत पिण्याच्या पाण्याकडं फक्त लिटरच्या हिशेबानं बघितलं जातंय, म्हणून लिहिते. वरची विहीर आटली की गाव खोल बोअरवर जातं. आमच्या भागात काही ठिकाणी खालच्या खडकातून फ्लोराईड येतं. पाण्याला रंग नाही, वास नाही, चवीलाही कळत नाही. कळतं ते शाळेत तपासणीला गेल्यावर. मुलांना आ करायला सांगितलं की समोरच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे किंवा तपकिरी डाग दिसतात. त्या बोअरचं पाणी वर्षानुवर्षं प्यायलेल्या मोठ्या माणसांची मान आणि कंबर ताठ होते, आणि घरच्यांना वाटतं शेतीच्या कष्टानं झालंय. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड असेल तर ते पाणी पिऊ नये. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यानं प्रमाण वाढतं.

साताऱ्याकडं फ्लोराईड असेलच असं मी म्हणत नाही. पण टँकर कुठल्या बोअरवर भरतात आणि त्या पाण्याची रासायनिक तपासणी झाली आहे का, हे ग्रामसभेत विचारा. आणि उथळ विहिरींच्या पाण्यात नायट्रेटही तपासून घ्या, विशेषतः घरात लहान बाळं असतील तर. युरियाचा मारा आणि विहिरीलगतचे उकिरडे यांनी ते वाढतं.

आणखी एक. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्या, नियमातच आहे ते. हंडा घेऊन रांगेत उभी राहणारी बाई आणि डाळिंबाचा हिशेब करणारा तिचा नवरा एकाच घरातले असतात. महिला सभेत पिण्याच्या पाण्याचा ठराव आधी झाला की ग्रामसभेत त्याला उघड विरोध करायला पुरुष कचरतात. हे मी एकाहून जास्त गावांत पाहिलंय.

माणदेशी_मुरूम

रानजाई ताई, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. टँकरच्या बोअरची तपासणी नक्की मागतो.

भूजल_अभ्यासक, पाच एकर उसाचा हिशेब रात्री घरात वाचून दाखवला, वडील बराच वेळ गप्प होते. आमच्याकडं ओढ्याकाठी यापेक्षा पुष्कळ जास्त ऊस आहे. पण मुरलेलं पाणी ढोबळ न धरता प्रत्यक्ष मोजायचं कसं? नाहीतर गावातला पहिला माणूस विचारणार, हा दहावा हिस्सा तुम्ही आणला कुठून.

हैदराबादी_मराठी

नोकरीनिमित्त अनेक वर्षं इकडं आहे. आंध्रात (तेव्हा तेलंगण वेगळं झालं नव्हतं) अनंतपूर, कर्नूल, महबूबनगर, नलगोंडा या कोरड्या जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी स्वतः भूजल मोजायचा मोठा कार्यक्रम झाला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेची मदत होती. तिथं एकही बंदी नव्हती. शेतकरी पाऊस मोजायचे, बोअरची पातळी मोजायचे, पंपातून ताशी किती पाणी येतं ते मोजायचे, आणि रब्बीच्या आधी सगळे जमून ताळेबंद करायचे. आकडे गावात रंगवलेल्या फलकावर असायचे. पुढं काय पेरायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. बऱ्याच ठिकाणी भाताचं क्षेत्र कमी झालं, कारण पाणी मधेच संपणार हे दिसत असताना कर्ज काढून भात लावायला कुणी धजावलं नाही.

म्हणून माझं मत शिवारफेरी यांच्यापेक्षा थोडं वेगळं आहे. पहिल्या वर्षी नियम करूच नका, फक्त मोजा आणि फलक रंगवा. ज्यानं स्वतः दोरी सोडून विहीर मोजली त्याला समजावून सांगावं लागत नाही.

शिवारफेरी

हैदराबादी_मराठी, तत्त्वतः पटतं. पण भातात आणि डाळिंबात फरक आहे. भात दरवर्षी नव्यानं लावतात, तो कमी करता येतो. डाळिंबाची बाग एकदा लावली की फलकावर आकडा काहीही असो, माणूस झाड वाचवायला टँकर विकत घेतो. बागायती गावात नुसती माहिती पुरेल असं मला वाटत नाही. निदान नवीन लागवडीवर तरी गावाचा शब्द हवा.

कागदपत्र

कायद्याचं विचारलंय म्हणून. १९९३च्या कायद्यापासून सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवीन विहीर किंवा बोअर घेता येत नाही. २००९च्या भूजल अधिनियमानं शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे सुमारे दोनशे फुटांपेक्षा खोल विहिरींना मनाई केली. म्हणजे तुमच्या गावातली सहाशे फुटी बोअर मुळात नियमाबाहेरचीच आहेत. पण तालुक्याच्या पातळीवर अंमलबजावणीला माणसंच नाहीत. कायद्यानं बोअर बंद पाडायला गेलात तर गावात केस उभी राहील, पाणी नाही. मात्र ५०० मीटरचा नियम ग्रामसभेच्या ठरावाला पाठबळ म्हणून फार उपयोगी आहे. पिण्याच्या विहिरीला आडवं जायला सहसा कुणी पुढं येत नाही.

डाळिंबवाला

५०० मीटरला माझा पूर्ण पाठिंबा. पाणी पंचायतीबद्दल आजोबांकडून नुसतं नाव ऐकलं होतं, माणशी वाटा हे माहीत नव्हतं. माझ्या घरात पाच माणसं, म्हणजे अडीच एकर. तेवढंच डाळिंब आहे माझं, ठिबकवर.

पण शेततळ्यावर का राग? उन्हाळ्यात लाईट कधी येते कधी जाते, तळ्यात पाणी असेल तर बाग वाचते.

भूजल_अभ्यासक

डाळिंबवाला, पावसाळ्यात ओढ्याचं वाहून जाणारं पाणी उचलून भरलेलं शेततळं उत्तमच. अडचण विहिरीचं पाणी उपसून भरण्यात आहे. ३० बाय ३० मीटरचं तळं धरा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं रोज सुमारे ८ मिमी पाणी उडतं. म्हणजे दिवसाला सात हजार लिटर. जमिनीखाली सावलीत असलेलं सगळ्यांचं पाणी वर आणून उन्हात ठेवलं जातं आणि त्याला एकट्याचं कुंपण पडतं. जालना जिल्ह्यात कडवंचीनं शेततळ्यांवर द्राक्षबागा उभ्या केल्या, पण त्याआधी संपूर्ण पाणलोटाचं काम शिस्तीत झालं होतं. नुसती तळी पाहून येणारे तो भाग बघत नाहीत.

बालाघाट

मी धाराशिवकडचा. एक मुद्दा राहिलाय. आता पाऊस पूर्वीसारखा पडत नाही. महिनाभर उघडीप आणि मग एका रात्रीत महिन्याचा पाऊस. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय झालं सगळ्यांनी पाहिलं, जमिनी खरवडून गेल्या, माती वाहून खाली दगड उघडे पडले. आमच्या शिवारात जे माती नालाबांध फुटले त्यांतल्या बहुतेकांचे सांडवे, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटा, बुजलेले होते. कुणी सांडव्यात बाभळी वाढू दिल्या, कुणी कडबा रचला. वरच्या चरांत गाळ भरलेला, त्यामुळे डोंगराचं पाणी थेट खाली आलं. श्रमदानाचा उत्साह बांधताना असतो. दरवर्षी मे महिन्यात चर उकरणं आणि सांडवे मोकळे करणं यासाठी रोजगार हमीतून काम मागा, ताळेबंदाच्या ठरावातच ते घाला.

ज्वारीची_भाकर

आता विनोद बाजूला ठेवून बोलतो. उसाला एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला किमान दर आहे, कारखान्याची टोळी रानात येऊन तोडून नेते. ज्वारीला हमीभाव कागदावर आहे, पण खरेदी केंद्र हुडकावं लागतं. काढणीला मजूर मिळत नाही, पाखरं राखायला माणूस नाही. कमी पाण्याचं पीक घ्या म्हणणाऱ्यानं ते विकायचं कुठं हेही सांगितलं पाहिजे. आमच्याकडच्या बायकांच्या एका गटानं ज्वारीच्या कडक भाकरी करून पुण्याला पाठवायला सुरुवात केली, आणि गटातल्या घरांनी ज्वारीचं रान वाढवलं. कडब्याचा भावही धरा हिशेबात. गोठ्यात चार जनावरं असतील तर ज्वारी तोट्यात जात नाही.

माणदेशी_मुरूम

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आम्ही दहा-बारा जण देवळात बसलो होतो, हा धागा मोबाईलवर वाचून दाखवला. ठरलंय ते असं. या वर्षी पीकबंदी नाही. सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवीन बोअर नाही आणि फाल्गुनानंतर त्या पट्ट्यातली चालू बोअर दिवसाआड, हा ठराव आधी महिला सभेत. शिवाराच्या माथ्यावर, मध्यावर आणि पायथ्याला विहिरी निवडून पातळी मोजायची, आकडे शाळेच्या भिंतीवर. सांडव्यांचं काम रोजगार हमीतून मागायचं. ओढ्याकाठच्या एका ऊसवाल्या काकांनी खोडवा (तोडणीनंतर पुन्हा फुटलेला ऊस) मोडून ठिबक करतो म्हटलंय, दुसरे उठून गेले. भूमिहीनांच्या वाट्यावर एकमत झालं नाही. एक सूचना अशी आली की गावतळ्यातली मासेमारी आणि गायरानातला चारा त्यांना द्यावा. पाण्याच्या बदल्यात हे पुरेसं आहे का, यावर इथं आणखी मतं हवीत. आणि विहीर मोजायची नेमकी रीत कुणी सांगेल का?

भूजल_अभ्यासक

कठड्यावर एका जागी ऑईलपेंटची खूण करा आणि दरवेळी तिथूनच मोजा. फुटाफुटाला गाठी मारलेली न ताणणारी दोरी किंवा टेप, खाली वजन. आदल्या संध्याकाळपासून मोटार बंद हवी आणि सकाळी ती सुरू व्हायच्या आत मोजायचं, नाहीतर उपशानं खाली गेलेली पातळी लिहिली जाईल. भूजल विभाग आपल्या निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशा वर्षातून चार वेळा मोजतो. तेच महिने धरा, म्हणजे त्यांच्या आकड्यांशी ताडून बघता येईल. मेपासून ऑक्टोबरपर्यंत विहीर किती फूट चढली, यावरून मुरलेल्या पाण्याचा अंदाज काढतात. तुमच्या ‘दहावा हिस्सा आणला कुठून’चं उत्तर त्यात मिळेल. मोजायला आठवी-नववीची मुलं घ्या आणि सोबत एक मोठा माणूस ठेवा, कठडा नसलेल्या विहिरीवर मुलांना अजिबात पाठवू नका.

पाटकरी

मासेमारी आणि चारा द्याच, पण तो पाण्याचा वाटा म्हणून ठरावात लिहा, मेहेरबानी म्हणून नको. आणि मुदत घाला, पाच वर्षांची तरी. नाहीतर तळ्यात मासा दिसायला लागला की पुढच्याच वर्षी लिलावाची मागणी येईल.